खाणीच्या छतावरचा ठोका

"तुम्ही खाणीत नेमकं करत काय होता?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की आता उत्तर द्यायच्या आधीच डोकं तापतं. खरं उत्तर दिलं की समोरचा हसतो. मी काठीनं छत ठोकत होतो. पाळी सुरू झाली की ठोकायचं, सुरुंगाचे बार उडाले की ठोकायचं, दुपारी पुन्हा ठोकायचं. आमच्या व्याह्यांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आणि याचा पगार देत होते तुम्हाले?" त्या दिवसापासून मी त्यांच्याशी हवापाण्याशिवाय काही बोलत नाही.

तर या अंकाच्या वाचकांसाठी एकदाच नीट सांगून टाकतो. चंद्रपूरकडच्या एका भूमिगत कोळसा खाणीत मी मायनिंग सरदार होतो. सरदार हे तिथल्या हुद्द्याचं नाव, तलवारीचा काही संबंध नाही. खाणीच्या एका भागाची, म्हणजे सेक्शनची, जबाबदारी एका सरदारावर. तो तपासून 'चांगलं आहे' म्हणेपर्यंत एकही माणूस कोळशाला हात लावू शकत नाही. तपासायचं काय, तर मुख्यतः डोक्यावरचं छत. खाणीत त्याला सगळे रूफ म्हणत. कोळसा काढला की खाली पोकळी होते आणि वर दगडाचा थर उघडा पडतो. तो थर वरच्या दगडाला चिकटून असला तर काही होत नाही. सुटला असेल तर कधीतरी खाली येतो. कधी येतो ते तो सांगत नाही, म्हणून आपण ठोकून विचारायचं.

ठोकल्यावर कळतं कसं, हे मला पहिले सहा महिने समजलं नव्हतं. ट्रेनिंगला एक मास्तर होते. ते खिडकीच्या गजाला दोरी बांधून झटका द्यायचे आणि म्हणायचे, पाहा, लाट गेली, दोरी जागेवर. आम्ही माना हलवायचो. मी आरमोरीकडचा, धानाच्या मुलखातला. मला ते समजलं रोवणीला जाणाऱ्या आईमुळे. रोवणीच्या वेळी बाया ओळीनं उभ्या राहून पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या हातोहात पुढे देतात. बाई जागची हलत नाही, पेंढी बांधाच्या त्या टोकाला पोचते. दगडातला ठोका तसाच जातो. दगडाचा कण जागच्या जागी थरथरतो आणि धक्का शेजारच्याला देतो. बाया जितक्या खेटून उभ्या, तितकी पेंढी भरभर जाते. दगड हवेपेक्षा पुष्कळच खेटून बसलेला, म्हणून दगडातून आवाज हवेपेक्षा कितीतरी जोरात पळतो. आम्ही कोळशाच्या भिंतीला कान लावून बसलो असलो आणि पलीकडे बार उडाला, तर तो दोनदा ऐकू यायचा. आधी भिंतीतून, मग गॅलरीतून, म्हणजे खाणीतल्या बोगद्यातून, वळणं घेत हवेतून. नव्या माणसाला वाटायचं दोन बार उडाले.

आता ओळीतल्या दोन-तीन बाया उठून घरी गेल्या तर काय होईल? पेंढी तिथंच अडेल आणि उलट फिरेल. दगडात फट पडली की अगदी तेच होतं. ठोका फटीपर्यंत जातो, पुढे जायला वाट नाही, म्हणून माघारी येतो, आणि फटीखालची तेवढी सुटी फरशी एकटीच थरथरत बसते. तिचा आवाज जाड, मेलेला. आम्ही म्हणायचो 'बद्द'. छत एकसंध असलं तर ठोका वर निघून जातो आणि टणक, बारीक, कोरडा आवाज येतो. त्याला 'टण'. टण आणि बद्द, एवढ्या दोन शब्दांवर माझी नोकरी उभी होती. आणि माणसं.

हे इतकं साधं असूनही ज्यानं त्यानं मला पिडलं. वरच्या ऑफिसातले एक साहेब एकदा पाहणीला आले. मी काठी हातात दिली तर सासुरवाडीचं दार वाजवावं तसं हळूच टकटक केलं आणि म्हणाले, ठीक वाटतंय. ठीक वाटतंय म्हणे. दुसरे एक इंजिनिअर पेटी घेऊन आले. छत पडायच्या आधी दगडात बारीक चिरा जातात, त्यांचा आवाज ती पेटी पकडणार होती. कल्पना चांगली होती, मी नाव ठेवत नाही. पण शेजारून कोळशाचे टब, म्हणजे रुळांवरचे डबे, खडखडत जायचे आणि पेटीचा काटा नाचायचा. टब थांबवा म्हणाले. टब थांबवले तर मॅनेजरसाहेब मला थांबवतील, मी म्हणालो. तीन दिवसांनी ते पेटी घेऊन गेले.

पण मला सर्वांत जास्त कोणी वैताग दिला असेल, तर ज्या माणसानं मला ठोकायला शिकवलं त्यानंच. ते दौलतभाऊ.

दौलतभाऊ माझ्या आधीपासूनचे सरदार, जिवतीच्या पहाडावरचे. बुटके, रुंद, बोलणं कमी. ऐंशीच्या आधीपासून ते खाणीत होते आणि सरदार होण्यापूर्वी त्यांनी कितीतरी वर्षं ड्रिल मशीन चालवली होती. त्यांना सगळंच ठोकून पाहायची सवय. माझ्यासाठी मुलगी पाहायला ते आमच्यासोबत आले होते. पोह्यांच्या बशा येईपर्यंत त्यांनी मुलीच्या घराची भिंत ठोकली आणि भर बैठकीत म्हणाले, "इथी पोकळ हाये." माझे सासरे आठ दिवस गवंडी शोधत फिरले. भिंत खरंच पोकळ निघाली.

त्यांनीच माझा हात धरून शिकवलं. उजव्या हातानं ठोकायचं आणि डावा तळवा छताला टेकवायचा. कान फसला तर हात सांगतो. सुटी फरशी तळव्याखाली थरथरते. "कानाचं आयक, हाताचं आयक," ते म्हणायचे. "साहेबाचं शेवटी आयक." मॅनेजरसाहेबांना हे वाक्य कोणीतरी सांगितलं होतं, त्यामुळे दौलतभाऊंवर त्यांचा आधीपासूनच राग.

मग एक वर्ष असं आलं की दौलतभाऊंचं डोकं फिरलं आहे असं सगळ्यांना वाटायला लागलं. त्यांच्या सेक्शनमध्ये जिकडेतिकडे बद्द. सकाळी बद्द, दुपारी बद्द. चांगल्या जागेला लाल झेंडी लावायची आणि माणसं बाहेर बसवायची. टेकूवाले टेकू लावून थकले. कोळसा भरणाऱ्या लोडर लोकांना टबामागे मजुरी, ते शिव्या देत बसायचे. मॅनेजरसाहेब मला म्हणायचे, "तुमच्या गुरुजींचं काय चाललंय? जा, बघून या." मी माझा सेक्शन टाकून जायचो आणि ठोकायचो. टण. पुन्हा ठोकायचो. टण. स्वच्छ, घंटेसारखा. मी झेंडी काढायचो, माणसं आत जायची, आणि दौलतभाऊ माझ्याकडे अशा नजरेनं पाहायचे की मीच चोर. महिन्यातून तीन-चारदा हे व्हायला लागलं. लोडरांनी त्यांना भित्रा सरदार म्हणायला सुरुवात केली. ज्या माणसाला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्याला.

कारण कळलं ते माझ्या घरच्या कुकरमुळे. एका सुट्टीच्या दिवशी दौलतभाऊ क्वार्टरवर आले होते. मी आंघोळीला गेलो. बायको सार्वजनिक नळावर जाताना त्यांना म्हणाली, "भाऊ, तीन शिट्ट्या झाल्या का स्टोव्ह बंद करजा." ती परतली तेव्हा खोलीभर जळक्या डाळीचा धूर आणि दौलतभाऊ स्टोव्हपासून दोन हातांवर शांत बसलेले. मी न्हाणीतून सात शिट्ट्या मोजल्या होत्या आणि ओरडतही होतो.

"भाऊ, बंद काऊन नाई केला?" बायकोनं विचारलं.

"एकबी शिट्टी नाई झाली, बाई," ते म्हणाले. थट्टा नव्हती. मग मान जरा वाकडी करून म्हणाले, "हॉलेज सुरू झालं वाटते."

मी दाराबाहेर जाऊन उभा राहिलो. टब ओढणारं हॉलेजचं इंजिन आमच्या क्वार्टरपासून चांगलं अर्धा मैल लांब. नीट लक्ष दिल्यावर त्याची धडधड मला लागली. या माणसाला दोन हातांवरची शिट्टी ऐकू येत नव्हती आणि अर्ध्या मैलावरचं इंजिन येत होतं.

मी काही डॉक्टर नाही, पण लाटांचं एवढं मला एव्हाना ठाऊक झालं होतं. लांबून वरात येते तेव्हा आधी ढोल ऐकू येतो, सनई वरात दारात आल्यावर. जाड आवाजाची लाट लांब टिकते, बारीक आवाजाची लाट वाटेत विरून जाते. कोळशातूनही तसंच, लांबचा बार नुसता 'धब्ब' असा पोचतो, त्याचा फटाका वाटेतच संपतो. आणि माणसाचा कानही आधी बारीक आवाजालाच मरतो. इतकी वर्षं ड्रिल मशीन कानाशी कोकलली, तर दुसरं काय होणार? दौलतभाऊंच्या कानातली सनई गेली होती, ढोल तेवढा शिल्लक होता. मग छत कितीही चांगलं असो, त्याच्या आवाजातला 'टण' त्यांना ऐकूच येणार नाही. उरेल ते बद्द. त्यांना सगळी खाण सुटलेली वाटत होती. आणि तशा छताखाली तो माणूस रोज जात होता.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मी त्यांना गॅलरीच्या तोंडाशी बसवून हे सगळं समजावलं. पेंढ्या, वरात, ढोल, सनई, सगळं. चांगलं समजावलं. आयुष्यात मी इतकं नीट कोणाला काही समजावलं नसेल.

त्यांनी टोपीवरचा दिवा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे रूफ खराब नाई. मी खराब हाय."

"कान, भाऊ. तुम्ही नाई. हातानं पाहा ना."

"हात बी झोपते बाप्पा. मशीननं बोटंबी नेली." त्यांनी बोटं उघडमीट करून दाखवली. मग म्हणाले, "कोनाले सांगू नको. नोकरीची दोन वर्सं राह्यली. वर पाठवतील मले, लॅम्प रूममंदी. लाईनमंदी उभ्या पोट्ट्यायले दिवे देत बसू काय?"

तिथंच मी मॅनेजरसाहेबांकडे जायला हवं होतं. नियम तोच होता आणि अक्कलही तेच सांगत होती. पण माझ्यासमोर माझा गुरू बसला होता. मी म्हणालो, ठीक आहे, ज्या छताबद्दल शंका येईल तिथं मला बोलवा. माझा सेक्शन शेजारीच आहे. मी येऊन ठोकीन. तुम्ही माझ्या कानानं चाला.

झालं, माझ्या मागे साडेसाती लागली. राजेहो, ज्या माणसाला सगळीकडेच बद्द ऐकू येतं, त्याला शंका कुठं येणार नाही? दिवसातून पाच पाच, सहा सहा वेळा बोलावणं. आणि बोलावणं घेऊन यायचा पोचय्या.

पोचय्या हा दौलतभाऊंच्या सेक्शनमधल्या चार लोडरांच्या टोळीचा मुखिया. सिरोंचाकडचा, गोदावरीच्या काठचा. घरी तेलुगू बोलायचा, खाणीत आमच्यासारखं. उंच, हडकुळा, मिशीत हसणारा. दौलतभाऊंना भित्रा न म्हणणारा तो एकटाच लोडर. "सरदार जिंदा तं आम्ही जिंदा," म्हणायचा. तो गॅलरीतून वाकत वाकत यायचा आणि दिव्याचा उजेड माझ्या पायांवर पाडून म्हणायचा, "भाऊनं बलावलं." मी जायचो. चढ चढायचा, टब चुकवायचे, पाण्यातून जायचं. ठोकायचं. टण. परत यायचं. तोवर माझ्या सेक्शनमध्ये काहीतरी बिघडलेलं असायचं आणि ओव्हरमन, म्हणजे सरदारांच्या वरचा माणूस, बोंबलत असायचा, सरदार कुठी गेला. कुठं गेला ते सांगायची सोय नाही.

असे चार-पाच महिने गेले. त्यात एकदाही, अगदी एकदाही, बद्द निघालं नाही. एकदा तरी निघायला हवं होतं, म्हणजे मी शहाण्यासारखा वागलो असतो.

त्या दिवशी पहिली पाळी होती. माझ्या सेक्शनमध्ये सकाळीच दोन टब रुळावरून उतरले होते आणि आम्ही सब्बल, म्हणजे पहार, लावून ते चढवत होतो. पोचय्या आला. मी गेलो, ठोकलं, टण, परत आलो. टब अजून तसेच. तासाभरानं पोचय्या पुन्हा आला. मी पुन्हा गेलो. दुसऱ्या गॅलरीत ठोकलं, टण. येताना घसरून गुडघा फुटला. परत येतो तर मॅनेजरसाहेब स्वतः उतरलेल्या टबांपाशी उभे. सगळ्यांसमोर त्यांनी माझी जी काढायची ती काढली. ते गेले आणि पाच मिनिटांत पोचय्या तिसऱ्यांदा उभा.

"भाऊनं बलावलं. दोन नंबरच्या टोकाले. म्हंते, लय बद्द हाये."

"लय बद्द," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "त्यायले सांग, तुमच्या कानाले सगळंच बद्द वाजते. ते तेवढं वजा करत जा अन् आपल्या डोक्यानं चाला. रूफ चांगलं हाये, भरू द्या टब. अन् तू आता पाळी सुटेपर्यंत इकडे येऊ नको."

पोचय्या जरा थांबला. "अस्संच सांगू?"

"अस्संच सांग."

तो गेला. मी गुडघ्याला चिंधी बांधली आणि सब्बल उचललं. सुटलो एकदाचा, असं मला वाटलं, आणि ते वाटणं मला आजही आठवतं.

छत पडलं ते जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी. आमच्याकडे आवाज आला तो 'धब्ब' असाच, आधी पायांतून, मग कानांतून. मागोमाग वारा आला, कोळशाची धूळ घेऊन. कुठं पडलं ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी धावलो.

दोन नंबरची गॅलरी दगडानं बंद झाली होती. तोंडाशी टोळीतले तिघे उभे. ते भरलेला टब ढकलत बाहेर आले होते म्हणून वाचले. पोचय्या आत. दौलतभाऊ पडलेल्या दगडांवर चढून नुसत्या हातांनी दगड ओढत होते आणि वरून अजून खडे गळत होते. मी आणि टोळीतल्या एकानं धरून त्यांना मागे खेचलं.

कोळशाचे मोठे चौकोनी खांब मध्ये ठेवून आजूबाजूचा कोळसा काढतात, त्याला पिलर म्हणतात. गॅलरीच्या बाजूला असाच एक पिलर होता. मी सब्बल घेतलं आणि त्यावर पाच ठोके मारले. अडकलेल्या माणसासाठी आमची ती खूण होती. मग भिंतीला कान लावला. सगळ्यांना हात करून चूप केलं. काही नाही. पुन्हा पाच मारले. पुन्हा कान लावला.

तेव्हा दौलतभाऊ माझ्या शेजारी आले, आणि त्यांनीही गाल कोळशाला टेकवला. मला वाटलं, कशाला उगाच. पण आधी त्यांनीच ऐकलं. त्यांचा हात माझ्या मनगटावर आवळला.

"हाये," ते म्हणाले. "ठोकून राह्यला."

मग मलाही लागलं. धब्ब. थांबून धब्ब. एवढा कोळसा ओलांडून आलेल्या ठोक्यात बारीक काही उरतच नाही, नुसता ढोल उरतो, आणि ढोल दौलतभाऊंना आमच्या कोणाहीपेक्षा चांगला ऐकू येत होता. पुढचे पाच तास ते त्या भिंतीपासून हलले नाहीत. आम्ही टेकू लावत, दगड काढत हात-हात आत सरकत होतो, आणि ते मधूनमधून सांगत होते, "हाये. ठोकते." एकदा बराच वेळ ते काही बोललेच नाहीत आणि आमची माणसं हात थांबवून त्यांच्याकडे पाहत राहिली. मग त्यांनी मान हलवली आणि आम्ही पुन्हा लागलो.

पोचय्या जिवंत निघाला. उजवा पाय मांडीपर्यंत फरशीखाली होता. स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा त्याच्या मुठीत कोळशाचं ढेकूळ होतं, त्यानंच तो भिंत ठोकत होता. चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. पाय ठेवता आला नाही.

चौकशीला बाहेरून एक साहेब आले. शांत माणूस, आवाज न चढवता विचारायचे. मॅनेजरच्या ऑफिसात टेबलाशी बसले. दौलतभाऊंना उभं केलं. साहेबांचा प्रश्न त्यांना ऐकू जावा म्हणून क्लार्क तो मोठ्यानं सांगत होता. वास्तविक तिथंच कोणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं, पण खाणीतली सगळीच म्हातारी माणसं थोडी बहिरी, त्याचं कोणाला काय.

"छत तपासलं होतं?"

"तपासलं व्हतं."

"आवाज कसा होता?"

"बद्द."

साहेबांनी पेन थांबवलं. "बद्द होता, तर माणसं आत का सोडली?"

दौलतभाऊ उभे. मी त्यांच्या मागे तीन पावलांवर. मला वाटलं आता ते मागे वळतील. ते वळले नाहीत. "चुकलं साहेब," म्हणाले.

"पण बद्द ऐकून सोडली? दारू वगैरे घेतली होती का?"

"चुकलं," एवढंच ते पुन्हा म्हणाले. साहेबांनी लिहून घेतलं. खोलीतल्या एकालाही त्या उत्तराचा अर्थ लागला नाही. सरळ होता. त्यांनी बद्द ऐकलं आणि वजा केलं, मी सांगितलं होतं तसं.

माझी पाळी आली. घटना घडली तेव्हा कुठं होता? माझ्या सेक्शनमध्ये, मी सांगितलं. टब उतरले होते. मॅनेजरसाहेबांनी स्वतः पाहिलं आहे. सगळं खरं होतं. साहेबांनी पुढे काही विचारलं नाही आणि मी पुढे काही बोललो नाही.

तिथून ते पोचय्याचा जबाब घ्यायला दवाखान्यात निघाले. पोचय्या घाबरला की तेलुगूत जातो, ओळखीचा माणूस असू द्या, म्हणून मॅनेजरसाहेबांनी मलाच जीपमध्ये बसवलं. वाटभर मी खिडकीतून पाहत होतो. मनाशी ठरवून टाकलं होतं की पोचय्या सांगणारच आहे. निरोप त्यानंच नेला होता, माझे शब्द त्याला तोंडपाठ असणार. तो सांगेल आणि मी मान हलवीन. सुटका होईल. मला ते चाललं असतं, खरंच चाललं असतं, फक्त सुरुवात माझ्याकडून नको होती.

पोचय्या उशीला टेकून बसला होता. चादर एका बाजूला सपाट. त्यानं मला पाहिलं आणि मान हलवली. साहेब खुर्चीवर बसले, मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलो. त्यांनी दोन-चार गोष्टी विचारल्या, टोळीत कोण होतं, किती टब भरले होते. मग विचारलं, "दौलत सरदारांनी छत पास करण्याआधी दुसऱ्या कोणाला दाखवलं होतं का? कोणाला बोलावलं होतं?"

पोचय्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मी काहीतरी बोलणार आहे आणि तो वाट पाहतो आहे, तसं पाहिलं. साहेबही त्याच्याकडे पाहत थांबले. मी पलंगाचा लोखंडी दांडा धरून उभा होतो.

"मले ध्यान नाई, साहेब," पोचय्या शेवटी म्हणाला.

साहेबांनी फाइल मिटली, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि डॉक्टरांना भेटायला गेले. दौलतभाऊंचं सरदारकीचं सर्टिफिकेट रद्द होणार हे ते येतानाच बोलले होते. लॅम्प रूमसुद्धा मिळणार नव्हती.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो. मी म्हणालो, "पोचय्या, तू सांगितलं काऊन नाई?"

"सरदार," तो म्हणाला, "तू सांगशील म्हून मी चूप राह्यलो."

खिडकीतून आवार दिसत होतं. साहेब डॉक्टरांशी बोलून बाहेर आले होते आणि जीपपाशी उभे राहून माझीच वाट पाहत होते. मी खाली उतरलो, जीपमध्ये त्यांच्या शेजारी बसलो, आणि खाण येईपर्यंत आम्ही दोघं धानाच्या पिकाबद्दल बोललो.